आईच्या घराचा गिलावा: फोडायचा, बुजवायचा की रंगवायचा?

चिपळूणच्या माहेरघराबद्दल एका ताईंनी पुण्याहून लिहिलं आहे. पत्र थोडं आटोपतं करून देतो.

“घर वडिलांनी १९८९ साली बांधलं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर स्लॅब, बाहेरून सँडफेस प्लॅस्टर. वडील गेले, आता आई एकटीच राहते. गेली तीन-चार वर्षं पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे पडतायत. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात आणि खाली जोत्याजवळ पांढरी भुकटी येते. मागच्या पावसात आईच्या खोलीत आतून ओल आली, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरली. तीन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणतो, सगळं प्लॅस्टर उतरवून नवं करा. दुसरा म्हणतो, भेगा भरून पुट्टी आणि वर टेक्श्चर मारू, दहा वर्षं बघायला नको. तिसरा रबरासारखा ताणणारा वॉटरप्रूफ रंग सुचवतो. आई म्हणते, ‘एवढा खर्च कशाला, चुना मारा नि सोडा.’ पाऊस दीड महिन्यावर आलाय. कुणाचं ऐकू?”

ताई, या घडीला तिन्ही ठेकेदारांना थांबवा. तिघांनी भिंत बघितली, पण पाणी कुठून येतंय ते एकानंही शोधलेलं दिसत नाही. पस्तीस वर्षांचा गिलावा म्हातारा झाला आहे यात वाद नाही. पण तो सगळ्या घराला सारखा लावलेला असताना पश्चिमेलाच का पडतोय आणि भुकटी खालीच का येतेय, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

एक शनिवार-रविवार काढून घरी जा. खडू आणि छोटी हातोडी बरोबर घ्या. हातोडीच्या लाकडी दांड्यानं भिंतीवर वीतवीतभर अंतरानं हलकेच ठोकत चला. धरून असलेला गिलावा टणक, कोरडा आवाज देतो. सुटलेला गिलावा ‘बद्द’ बोलतो, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. पहिल्या दहा मिनिटांत कान तयार होतो, त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही. बद्द वाजेल तिथे खडूनं गोल करा. माळ्यापर्यंत हात पोचत नसेल तर गवंड्याला शिडीवर चढवा, तुम्ही खाली उभं राहून ऐका. शेवटी चारही भिंतींचे लांबून फोटो काढा. सगळं उतरवा म्हणणाऱ्याला हे फोटो दाखवले की बोलणी एकदम वेगळ्या पातळीवर येतात. माझ्या अनुभवात अशा घरांच्या पूर्व-उत्तरेच्या भिंती बहुतेक वेळा चांगल्या निघतात. तो जुना गिलावा खऱ्या नदीच्या वाळूचा असतो, तशी वाळू आता सहज मिळत नाही. धरून असलेला गिलावा छिन्नीनं फोडताना चिऱ्याचे कोपरेही उडतात. म्हणून जो धरून आहे त्याला हात लावू नका.

आता पाण्याचा माग. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो नैऋत्येकडून आडवा येतो. पश्चिमेच्या भिंतीला झड बसते ती अशी. पण झड घर बांधलं तेव्हाही होती आणि भिंतीनं पंचवीस-तीस वर्षं ती सोसली. मग आत्ता काय बिघडलं?

बेडरूमच्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली उभं राहा आणि त्याच्या खालच्या कडेला बोट फिरवा. बाहेरच्या कडेपासून दोन-अडीच इंच आत, बोटभर रुंदीची एक खाच लांबीभर गेलेली असायला हवी. पागोळी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते. खाच नसेल, किंवा दर वेळच्या रंगकामात भरून गेली असेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीपर्यंत चालत येतं आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत शिरतं. खात्री करायची तर गच्चीतून बागेचा पाइप छज्ज्यावर धरा, पाणी हळू सोडा आणि कुणाला तरी खाली उभं करा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं. एका घरी आतल्या ओलीसाठी दोनदा रंग काढला होता, तिसऱ्यांदा मी गेलो तेव्हा हीच खाच बुजलेली निघाली. ती पुन्हा कापायला गवंड्याला एक दिवस लागला.

तसंच गच्चीच्या कठड्याचा माथा बघा. तो आतल्या बाजूला, म्हणजे गच्चीकडे उतरता हवा. बाहेर उतार असेल तर शेवाळाचे काळे ओघळ भिंतीवर दिसतीलच. पावसाच्या पाइपांचे सांधे बघा, न्हाणीघराचा पाइप भिंतीतून बाहेर येतो ती जागा बघा. आणि कुठल्या भेगेतून पिंपळाचं रोपटं वर आलं आहे का तेही. पानं चार दिसतात, पण मूळ चिऱ्यांच्या सांध्यात हातभर गेलेलं असतं. ते नुसतं उपटू नका, तुटून राहिलेलं मूळ पुन्हा फुटतं. भोवतीचा गिलावा काढून मूळ सबंध सोडवा आणि मगच सांधा भरा.

भेगांनी तुम्ही घाबरला आहात, ते पत्रातून जाणवतं. सगळ्या भेगा सारख्या नसतात. जाळ्यासारख्या, केसाएवढ्या बारीक भेगा गिलावा वाळताना आकसल्यामुळे पडतात, त्या फक्त त्याच्या कातडीत असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग फार घरांत असते, कारण भिंतीतला ताण उघडीच्या कोपऱ्यात गोळा होतो. ती वाढतेय का, एवढाच प्रश्न. त्यासाठी जुनी आणि स्वस्त युक्ती आहे: काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवा, वर तारीख लिहा. सहा महिन्यांनी पट्टी शाबूत असेल तर भेग थांबलेली आहे. तडकली, तर मात्र गिलाव्याचा विषय सोडून आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

स्लॅबच्या लगेच खाली, वरच्या मजल्याच्या भिंतीवर आडवी सरळ भेग आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकलेल्या घरांत ती सर्रास दिसते. उन्हानं स्लॅब फुगतो, भिंत त्या मानानं फुगत नाही, आणि दोघांच्या मधला गिलावा फाटतो. ती भेग सिमेंटनं कितीही वेळा भरा, पुढच्या मे महिन्यात पुन्हा दिसेल. तिथे बोटभर रुंदीची सरळ खाच मुद्दाम ठेवून ती लवचीक सीलंटनं भरावी लागते.

छज्ज्याच्या पोटाला तांबूस डाग किंवा लोखंडी गज उघडे दिसत असतील, तर तो गिलाव्याचा आजार नव्हे. गज गंजला की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून मसाला थापून ते झाकणं धोक्याचं आहे, कारण छज्जा कोसळतो तेव्हा खाली कुणीतरी उभं असू शकतं. तिथलं सैल काँक्रीट गजाच्या मागपर्यंत काढायचं, गज तारेच्या ब्रशनं चकचकीत घासायचा, गंजरोधक लावायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायचं. गज झिजून बारीक झाला असेल तर इंजिनियर सांगेल तसा नवा जोडायचा. या कामात काटकसर करू नका, बाकी ठिकाणी करू.

आता खालची पांढरी भुकटी. तिला आपण लोणा म्हणतो. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतात, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि स्फटिक होताना गिलाव्याला आतून ढकलतात. पत्रात तुम्ही सांगितलेलं नाही, पण विचारायलाच हवं: २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पाणी होतं का? वाशिष्ठी नदीचं ते पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे गाळ धुऊन निघाला, रंगही झाला, पण चिऱ्याच्या पोटात गेलेली ओल आणि क्षार पुढची कित्येक वर्षं बाहेर येत राहतात. तुमच्या घराची पातळी पुराच्या वर असेल तर अंगण तपासा. अलीकडे घराभोवती पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घातलाय का? वडिलांनी जोतं दोन फूट उचललं असेल आणि आता अंगणच फूटभर वर आलं असेल, तर पावसाचं पाणी जोत्यावर उडतंय आणि भिंतीत चढतंय. तसं असेल तर भिंतीलगतचे दोन फूट पट्ट्यातले ब्लॉक काढा, जमीन खाली घ्या, खडी पसरा आणि पाण्याला भिंतीपासून लांब उतार द्या. हे एवढं केलं की निम्मा लोणा थांबतो.

लोणा पाण्यानं धुऊ नका. पाणी मारलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडून, भुकटी गोळा करून लांब टाका. खालचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर हात-दीड हातापर्यंत उतरवावा लागेल, आणि नंतर भिंत दोन-तीन महिने उघडी ठेवायची. गवंडी म्हणेल, ‘असं उघडं कुणी ठेवतं का?’ ठेवायचं. कोकणात चिऱ्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून गिलाव्याशिवाय, नुसते दगडांमधले सांधे भरून उभी आहेत. चिऱ्याला उघडं राहण्याची सवय आहे.

आणि आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. चिरा म्हणजे जांभा, आणि जांभ्याला अंगभर छिद्रं. तो पाऊस पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याच्यावर कडक, सिमेंट जास्त घातलेला गिलावा चढवला की तो वाळताना आकसून तडकतो. त्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत ओढलं जातं, पण तेवढ्या सहज बाहेर येत नाही. माझ्या स्वतःच्या वडिलांच्या घराला मी, तरुणपणी, एकास तीनचा मसाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) वापरून गिलावा करून घेतला. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, असं मला मनापासून वाटत होतं. सहाव्या पावसाळ्यात जेवणाच्या ताटाएवढा तुकडा सबंध सुटून तुळशीजवळ पडला. उचलून पाहिलं तर मागची बाजू ओलीकच्च होती आणि त्याला जांभ्याची लाल माती चिकटलेली. गिलावा मोडला नव्हता, त्यानं चिऱ्याची सालच सोलून आणली होती. तेव्हापासून मी सांगतो की वरचा थर खालच्यापेक्षा कधीही कडक नसावा.

या नजरेनं तिन्ही सल्ले बघा. पुट्टी आणि टेक्श्चर बद्द वाजणाऱ्या गिलाव्यावर मारलं तर ते गिलाव्यासकट पडेल, आणि दहा वर्षांची हमी रंगाच्या डब्याची असते, खालच्या भिंतीची नव्हे. झड खाणाऱ्या ओल्या भिंतीवर पुट्टी मी कधीच मारू देत नाही. रबरासारखा रंग नव्या, कोरड्या काँक्रीटवर छान काम करतो, पण तुमच्या भिंतीत जोत्यातून पाणी चढत असताना बाहेरून पिशवी बांधल्यासारखं झाकलं, तर ते पाणी आत, आईच्या कपाटाकडे, वळेल. आणि आई म्हणतात त्या चुन्याला हसू नका. चुन्याचा हात भिंतीला श्वास घेऊ देतो. अडचण एवढीच की भिंतीवर आधी इमल्शन रंग असेल तर त्यावर चुना धरत नाही, आणि पश्चिमेच्या झडीत तो दर वर्षी द्यावा लागतो.

दुरुस्तीचा मसाला कसा? पश्चिमेच्या भिंतीसाठी आणि खालच्या पट्ट्यासाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. चुना मिसळला की मसाला मऊ राहतो, थापीखाली छान लोळतो, तडे कमी जातात. आजकालचे गवंडी चुन्याला नाक मुरडतात, कारण पिशवी वेगळी आणावी लागते आणि भिजत घालावा लागतो. आदल्या दिवशी भिजवायला लावा. हा गवंडी तयारच नसेल तर दुसरा बघा. वरच्या, कोरड्या भागातल्या ठिगळांना एकास पाचचा सिमेंट-वाळू मसाला चालेल.

वाळू खाडीची नको. क्षारांशी भांडतोय आणि क्षारच विकत आणायचे, असं होईल. क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) घेतलीत तर प्लॅस्टरची, धुतलेली घ्या, आणि ट्रक रिकामा होण्याआधी तपासा: काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळू खाली बसते, वर मातीचा थर बसतो. तो थर वाळूच्या शंभराला आठ भागांपेक्षा जाड दिसला तर गाडी परत पाठवा. बारीक भुकटी जास्त असली की पाणी जास्त मागते आणि गिलावा तडकतो.

सुटलेला भाग काढताना कडा वेड्यावाकड्या ठेवू नका. कटरनं सरळ चौकोन कापून घ्यायचा आणि आतला गिलावा काढायचा, म्हणजे शेजारचा चांगला भाग हादरत नाही. चिऱ्यांचे सांधे अर्धा इंच खोल खरवडायचे, ब्रशनं धूळ झाडायची. आदल्या संध्याकाळी भिंतीला भरपूर पाणी आणि सकाळी थापण्याआधी पुन्हा एक हात, कारण कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकतो. पण पृष्ठभागावर पाणी चमकत असताना मात्र थापू नये. जिथे काँक्रीट आणि चिरा भेटतात, तिथे दोन्हीकडे चार-चार इंच जाईल अशी चिकनमेश (तारेची बारीक जाळी) खिळ्यांनी ताणून बसवायची. पहिला हात अर्धा इंचभर, तो ओला असतानाच त्यावर ओरखडे. दुसऱ्या दिवसापासून पाणी मारून त्याला आठवडाभर आकसू द्या, मग पाव इंचाचा वरचा दाणेदार हात.

एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवा, किंवा आईंना गच्चीत खुर्ची टाकून बसवा. गुळगुळीत दिसावं म्हणून गवंडी ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि घोटतो. तेवढ्यानं वर कडक पापुद्रा तयार होतो आणि वर्षभरात जाळी पडते. ते करू द्यायचं नाही. मसालाही एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा. दुपारच्या जेवणानंतर घमेल्यात घट्ट झालेल्या मसाल्यात पाणी ओतून पुन्हा हलवताना दिसलं तर तो फेकायला लावा. थोडं भांडण होईल, पण तेवढं सोसा. सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी, पश्चिमेला ओलं गोणपाट. ठेका लिहिताना पाणी मारण्याची जबाबदारी कुणाची, हे त्यातच लिहा, आणि शेवटचा हप्ता पंधरा दिवसांनी पुन्हा हातोडी ठोकून बघितल्यावर द्या.

पण हे गिलाव्याचं काम या दीड महिन्यात नको. मे महिन्याच्या उन्हात कितीही पाणी मारलं तरी पश्चिमेची भिंत तासाभरात कोरडी होते, आणि घाईचा गिलावा जूनच्या पहिल्या झडीत सापडतो. आत्ता करायचं ते पाण्याचं: छज्ज्यांच्या खाचा, कठड्याचा उतार, पाइपांचे सांधे, अंगणाचा पट्टा. लोंबणारे तुकडे तेवढे पाडून टाका, विशेषतः आईंच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे. पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून बांबूचा सांगाडा उभा करा आणि त्यावर माडाच्या झावळांची झापं बांधा. झापं विणणारं कुणी मिळालं नाही तर ताडपत्री, पण ती भिंतीला चिकटू देऊ नका, मागे हवा खेळली पाहिजे. आमच्या लहानपणी प्रत्येक घर पावसाआधी असं शाकारलं जायचं, ते दिसायला म्हणून नव्हतं.

दसऱ्यानंतर खालचा लोणा लागलेला गिलावा उतरवा आणि उघडा ठेवा. वरची ठिगळं दिवाळीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात, खालचा पट्टा जानेवारीच्या अखेरीस. नव्या गिलाव्यावर निदान महिनाभर रंग नको, म्हणजे रंग मार्चमध्ये. रंग साधा, श्वास घेऊ देणारा बाहेरचा रंग चालेल. जुन्या-नव्या ठिगळांचा पोत थोडा वेगळा दिसेल. रंगाचे दोन हात बसले की रस्त्यावरून कळत नाही, आणि जवळून कळलं तरी हरकत नाही.

आईंच्या खोलीतलं एक काम मात्र आजच करून घ्या. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकून असेल तर ते वीतभर पुढे ओढून ठेवायला सांगा. मागे हवा फिरली की आतली ओल सुकते, साड्या वाचतात. शेजारच्या कुणाला तरी हाताला घ्या, त्यांना एकट्यांना ओढू देऊ नका. आणि खडूच्या गोलांसकट पश्चिमेच्या भिंतीचा फोटो मला पाठवा. किती फोडायचं ते त्या फोटोवर रेघ मारूनच सांगतो.